मशीन निलमच्या घरात

गंगीला भूकंपाची भीती वाटत नव्हती असं कुणी म्हणेल तर ते साफ खोटं. वाटायची, चांगली वाटायची. पण खरं सांगायचं तर त्या नोव्हेंबरपासून ती ज्या तोऱ्यात वावरत होती, तशी जन्मात कधी वावरली नव्हती. जमीन हलायला लागली आणि गंगीचा भाव वधारला, हे सावरपाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

सावरपाडा म्हणजे डहाणू तालुका संपतो आणि तलासरी सुरू होतो त्या हद्दीवरची पंचवीस-तीस घरं. २०१८ ची दिवाळी उरकली आणि एके दिवशी दुपारी जमिनीच्या पोटात काहीतरी गुडगुडलं, मांडणीवरची भांडी वाजली. लोक म्हणाले, खाणीत सुरुंग लावला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी दोनदा. मग तहसीलदार येऊन गेले, घाबरू नका म्हणाले, आणि लोक जास्तच घाबरले. टीव्हीवर खाली पट्टी यायला लागली: डहाणू तालुक्यात भूकंपाचा धक्का, तीव्रता तीन पॉइंट अमुक, केंद्रबिंदू धुंदलवाडी परिसर.

पाड्याचा हातपंप गंगीच्या अंगणासमोर. बायका पाण्याला तिथेच जमायच्या. एकदा सगळ्या हंडे घेऊन उभ्या असताना धक्का आला. बायका किंचाळल्या, हंडे लवंडले. गंगी मात्र पंपाचा दांडा धरून जागच्या जागी उभी. डोळे अर्धे मिटून म्हणाली, "तीन. फार तर तीन पॉइंट दोन. तलासरीच्या अंगाला झाला."

संध्याकाळी भिकीने मोबाइलवर बातमी बघितली. तीन पॉइंट दोन! भिकी म्हणजे गंगीच्या शेजारची, तोंडाने जरा सैल. रात्रीच्या जेवणाआधी ती अख्ख्या पाड्यात सांगून आली. पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा गंगीचा आकडा जवळपास जुळला. झालं! जमीन हलली की लोक आधी बाहेर धावायचे आणि मग गंगीच्या अंगणात यायचे. "गंगी, केवढा होता गं?" पलीकडच्या पाड्यातून माणसं यायची. तिचा नवरा पांड्या डहाणूला चिकूच्या वाडीत कामाला जायचा. तिथला बागायतदारही त्याला विचारायचा, "अरे पांड्या, कालचा तुझ्या बायकोने केवढा सांगितला?" लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि पांड्याला बायकोचा अभिमान वाटायला कारण आत्ता मिळालं होतं.

तिची युक्ती तशी साधी होती. तिच्या ध्यानात आलं होतं की धक्का एकदम येत नाही. आधी खालून एक ठोसा बसतो, धप्प. मग जरा थांबून घर आडवं डोलायला लागतं. धप्प आणि डोलणं यांच्या मधे ती मनातल्या मनात मोजायची. 'एक' म्हणायच्या आत डोललं तर अगदी आपल्या खाली. 'एक, दोन' पुरं झालं तर लांबचा. गुडगुड कुठल्या अंगाने आली, यावरून दिशा; डोललं किती, यावरून आकडा. कुणी शिकवलं नव्हतं. चौथीत शाळा सोडलेली बाई, पण डोकं होतं, आणि ते आहे हे पहिल्यांदाच लोकांना दिसलं होतं. तेवढं एक तिच्याकडून कुणी हिरावून घेऊ नये, एवढीच तिची इच्छा.

आणि जानेवारीत ती जीप आली.

जीपमधून रिया मॅडम उतरल्या. भूकंप मोजणाऱ्या सरकारी संस्थेतल्या, वय तिशीच्या आतबाहेर, पायात मोठे बूट. पाड्यात एक मशीन बसवायचं होतं, कुणाच्या तरी घरात. आता कुणाच्या बसवणार? गंगीने दोन दिवस आधीपासून अंगण सारवून ठेवलं होतं. दूध घातलेला चहा उकळत होता. ती पदर सावरून पुढे झाली.

मॅडमनी अंगण बघितलं, हातपंप बघितला, पंपाभोवतीच्या बायका बघितल्या. जमिनीवर बुटाची टाच आपटून बघितली. म्हणाल्या, "काकू, इथे फार वर्दळ आहे हो. पंपाचा दांडा हलला तरी मशीन ते टिपणार. आणि खाली सारवलेली माती. मला शांत जागा हवी, खाली पक्का दगड हवा." मग त्यांनी मान वळवून अंगणापलीकडे बघितलं. "ते घर कुणाचं?"

ते घर निलमचं. गंगीच्या धाकट्या दिराची, रूपेशची बायको. योजनेतून मिळालेलं विटा-सिमेंटचं घरकुल, उघड्या कातळावर पाया घेऊन बांधलेलं. गंगीचं घर कुडाचं. घरकुलाच्या यादीत पांड्याचं नाव आलं नाही आणि रूपेशचं आलं, हे गंगीच्या डोळ्यात आधीच खुपत होतं. आता त्याच घरात मॅडम बूट काढून आत गेल्या, आणि गंगीचा चहा चुलीवर आटून काळा झाला.

मागच्या खोलीत फरशी कापून कातळावर छोटा ओटा केला. त्यावर डब्याएवढं मशीन ठेवलं. छपरावर सोलरची पाटी आणि वाटीएवढा पांढरा ॲन्टेना. तो म्हणे आभाळातल्या उपग्रहाकडून बरोबर वेळ घेतो, कारण सेकंदाचा तुकडा चुकला तरी जागा चुकते. निलमच्या हातात एक वही दिली: धक्का जाणवला की तारीख, वेळ आणि काय काय हललं ते लिहायचं. निलम आशागडची, बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं. बोलायची कमी. गंगीला तिचं हे कमी बोलणंसुद्धा आवडायचं नाही. एवढी काय ती शिष्ट!

त्या दिवशी मॅडमनी निलमच्या अंगणात बायकांना सगळं समजावून सांगितलं. गंगी गेली नाही. डोकं दुखतंय म्हणून घरात बसली, आणि कुडाच्या फटीला डोळा लावून सगळं बघितलं, सगळं ऐकलं.

मॅडम म्हणाल्या, "जमिनीच्या आत खडकाला तडे असतात. दोन्ही बाजूंनी दाब येत राहतो, वर्षानुवर्षं. खडक सोसतो, सोसतो, आणि एक दिवस तड्यावरून सटकन सरकतो. तो सरकला की लाटा निघतात. एक लाट जोरात पळते, तिचा ठोसा आधी बसतो. दुसरी मागून येते, ती डोलवते. दोन्हींच्या मधे एक सेकंद गेला, तर भूकंप साधारण आठ किलोमीटरवर. दोन सेकंद, तर सोळा."

कुडामागे गंगी फटीला आणखी चिकटली. हे तर तिचंच! तिने आपल्या आपण शोधलेलं, आणि ही बाई ते निलमच्या अंगणात उभी राहून सगळ्यांना फुकट वाटत होती.

मग मॅडमनी तीन दोर मागवले. तीन बायकांना तीन ठिकाणी उभं केलं. "मशीनला अंतर कळतं, दिशा कळत नाही. म्हणून एकट्या मशीनचा उपयोग नाही. हे तुमच्या घरातलं, एक तलासरीकडे, एक डहाणूच्या बाजूला. प्रत्येकीने आपापल्या दोराचं वर्तुळ काढा. तिन्ही जिथे एकमेकांना कापतील, तिथे भूकंप झाला." बायकांनी मातीत वर्तुळं ओढली, हसल्या, एकमेकींच्या अंगावर पडल्या. "आतापर्यंत आमची मशीनं फार लांब होती. त्यामुळे जागा दहा-दहा किलोमीटरने चुकायची, बारीक धक्के तर दिसायचेच नाहीत. आता जागा नीट कळेल, बारीकसारीकही मोजले जातील. यादी एकदम मोठी दिसेल, तर घाबरू नका. भूकंप वाढले असं नाही, आपल्याला दिसायला लागले."

हे वाक्य लक्षात ठेवा. गंगीनेही ठेवलं होतं. तिला ते पहिल्या खेपेलाच पक्कं कळलं होतं.

पुढचा आठवडा गंगीने कसा काढला तिचं तिला ठाऊक. मॅडम दर तीन दिवसांनी यायच्या, निलमकडे बसायच्या, निलमच्या हातचा चहा प्यायच्या. निलमला 'निलमताई' म्हणायच्या आणि गंगीला 'काकू'! धक्का आला की अर्धे लोक गंगीकडे, अर्धे निलमच्या दारात. मशीनवर आकडा दिसत नसे. तो तिन्ही मशीनांचा मेळ घालून संस्थेत काढायचे, आणि तासाभराने निलमच्या मोबाइलवर यायचा. तरी लोक तासभर तिच्या पायरीवर बसून राहायचे. गंगी पंपाशी उभी राहून त्यांच्या पाठी बघायची. अंगाचा नुसता तिळपापड.

एका सकाळी असा दणका बसला की गंगीच्या छपरावरची दोन कौलं घसरली. पंपाशी आठ-दहा जणी होत्या. गंगीने हातातला हंडा खाली ठेवला आणि ठसक्यात सांगितलं, "चार! चारच्या खाली असेल तर नाव बदलीन."

तासाभराने निलम पंपावर आली. बायकांनी विचारलं. तिने गंगीकडे बघितलं, घुटमळली. भिकी कसली सोडते! "सांग की गं!" तेव्हा निलम हळूच म्हणाली, "दोन पॉइंट आठ."

बायका हसल्या. भिकी तर पोट धरून हसली. "गंगे, आता नवीन नाव काय ठेवायचं तुझं?"

"वहिनी चुकल्या नाहीत," निलम घाईने म्हणाली. "धक्का आपल्याला जोरातच बसला. मॅडम म्हणतात, ढोल एकच असतो, जवळ बसणाऱ्याचे कान फुटतात, लांबच्याला बारीक ऐकू येतो. भूकंपाचा आकडा म्हणजे ढोल केवढ्याने वाजला तो. लाट केवढी उंच आली आणि किती लांबून आली, दोन्ही धरून काढतात. हा आपल्या अगदी पायाखाली झाला, म्हणून बारीक असून मोठा वाटला."

बिचारी जखमेवर फुंकर घालायला गेली, आणि गंगीला वाटलं ही सगळ्यांदेखत आपल्याला शिकवते आहे. वहिनी चुकल्या नाहीत म्हणे! चुकल्या की नाही हे सांगणारी ही कोण? मेली काल सून होऊन आली. गंगीने अर्धाच भरलेला हंडा उचलला आणि घरात गेली. त्या दिवशी भाकरी करपली, पांड्याला शिव्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आठवड्याची यादी लागली. आधीच्या यादीत पाच-सहा भूकंप असायचे. या यादीत एक्केचाळीस. आणि पूर्वी धुंदलवाडी, धुंदलवाडी असायचं, तिथे आता निम्म्या ओळींत लिहिलेलं: केंद्रबिंदू सावरपाड्यापासून दीड किलोमीटर. सावरपाड्यापासून एक किलोमीटर. पाडा धास्तावला. पंपाशी बायका कुजबुजत होत्या: आपल्याकडेच सरकतोय गं हा!

तिथे गंगी बोलली. आवाज चढवला नाही, काही नाही. हंडा भरता भरता म्हणाली, "मशीन यायच्या आधी किती व्हायचे? पाच. आता किती? चाळीस. आधी कुठे व्हायचे? धुंदलवाडीला. आता कुठे होतात? मशीनपाशी. मी चौथी शिकलेली बाई, मला काय कळतं! पण मोजता मला येतं."

एवढंच. दोर आठवत होते तिला, वर्तुळं आठवत होती, 'भूकंप वाढले असं नाही' हेही शब्दाला शब्द आठवत होतं. तरी बोलली. बोलताना बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. कितीतरी दिवसांनी पंपाजवळच्या सगळ्या बायका पुन्हा तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

भिकीने तिखटमीठ लावून ते पाडाभर केलं. संध्याकाळपर्यंत मशीन जमिनीतून भूकंप ओढून घेतं इथवर गोष्ट गेली. तिसऱ्या दिवशी लाहूबाबा, पाड्यातला वडीलधारा माणूस, दहा-बारा जणांना घेऊन रूपेशच्या दारात आला. निलमने वही दाखवली, दोरांची गोष्ट पुन्हा सांगितली, मॅडमना फोन लावून दिला. कोण ऐकतो! रूपेश मान खाली घालून उभा. लोकांनी मशीन चादरीत गुंडाळलं, ॲन्टेना उपटला आणि सगळं ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन टाकलं. गंगी आपल्या दारातून बघत होती. त्या संध्याकाळी तिने गुणगुणत भाकऱ्या थापल्या.

दोन दिवस गेले. फेब्रुवारीची दुपार, लोक जेवून जरा कलंडलेले, आणि जमिनीने असा हिसका दिला की आजवरचे सगळे धक्के त्यापुढे काहीच नव्हते. धप्प आणि डोलणं एकाच दमात. गुरं दावी तोडून पळाली. गंगीचं कुडाचं घर करकरलं, डोललं, पुन्हा उभं राहिलं; नुसती माती झडली. निलमच्या घरकुलाची मागची भिंत मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फाटली.

सगळे मोकळ्या शेतात जमले. गंगीला भीती होती ती धक्क्याची नव्हती. मशीन तर ग्रामपंचायतीत चादरीत पडलेलं. तरी भूकंप झाला, आणि हा एवढा मोठा. आता कुणीतरी आपल्याकडे बोट दाखवणार, म्हणणार, काय गं गंगे?

कुणी तसं म्हणालं नाही. भिकी म्हणाली, "मशीन नेलं. पण ज्या हातांनी त्याची सेवा केली, ते हात इथेच आहेत ना." दुसरी कुणी म्हणाली, "भिंत कुणाची फाटली बघितलंत? बरोबर तिचीच." आणि लाहूबाबा रूपेशला बाजूला घेऊन म्हणाला, "थोडे दिवस माहेरी ठेव तिला. पायगुण बघायला नको?"

निलम चार हातांवर उभी होती, सगळं ऐकत होती. तिने एकदाच गंगीकडे बघितलं. गंगी एका शब्दात हे सगळं थांबवू शकत होती. तोंड उघडलंही तिने. पण मग भिकी काय म्हणेल, लाहूबाबा काय म्हणेल, पुन्हा कधी कुणी विचारेल का आपल्याला, असं सगळं एकदम आठवलं आणि तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपेशने मोटरसायकल काढली. निलम पिशवी घेऊन गंगीच्या दारात आली. "वहिनी, चावी ठेवा. कोंबड्यांना दाणे टाका. तांबडी अंडी घालायला आडोसा शोधते, तेवढं बघा." चावी गंगीच्या हातात ठेवली आणि गेली.

आता गंगीला आनंद व्हायला हवा होता. अंगण तिचं, पंप तिचा. धक्का आला की सगळे तिच्याकडे. "गंगी, केवढा?" ती सांगायची, "दोन. अडीच." पण सांगताना जीभ जड व्हायची. रूपेश फाटलेल्या भिंतीकडे बघत पायरीवर बसून असायचा. गंगीने वाढलेलं ताट तसंच परत यायचं. पाचव्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "वहिनी, ती तर फोनही उचलत नाही." आणि अठ्ठावीस वर्षांचा बाप्या बाईसारखा हमसून रडला. गंगीला पळता भुई थोडी झाली.

त्याच सकाळी ती पंपावर गेली आणि बायकांसमोर म्हणाली, "ऐका. मशीनने भूकंप येत नाही. मी खोटं बोलले. मॅडमनी सांगितलं होतं ते मी घरात बसून सगळं ऐकलं होतं. मशीन नव्हतं तेव्हा बारीक धक्के दिसायचे नाहीत, म्हणून पाच. आता दिसतात, म्हणून चाळीस. आधी जागा चुकत होती, आता बरोबर येते. निलमवर मी जळत होते. जळून बोलले."

एवढं बोलायला तिला किती बळ लागलं असेल! आणि बायकांनी काय करावं? त्यांनी एकमेकींकडे बघितलं. भिकी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मॅडमने दम दिला काय गं? पोलिसांचं नाव घेतलं?"

"कुणी दम दिला नाही! मी सांगते ना, खोटं होतं ते!"

"बरं, बरं," भिकी समजूत घातल्यासारखी म्हणाली. "आम्ही काही कुणाला सांगत नाही. तू पहिलं बोललीस ते आम्हाला पटलं आहे."

गंगी डोकं आपटायची बाकी राहिली. लाहूबाबाकडे गेली, तोही तेच म्हणाला. खोटं बोलली तेव्हा अख्ख्या पाड्याने झेललं, खरं बोलली तर घाबरली म्हणे.

मग ती बसने आशागडला गेली. निलम आईच्या ओट्यावर मिरच्यांची देठं काढत बसली होती. गंगीला बघून उठली, पाणी आणलं. गंगीने पाणी तसंच हातात धरून सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

"माहीत होतं मला," निलम म्हणाली. "भिकीबाय आली होती त्याच दिवशी. गंगी असं म्हणते, म्हणाली."

"मग तू बोलली का नाहीस? माझ्या तोंडावर का नाही फेकलंस?"

"तुम्ही मोठ्या. वाटलं, शेतात तरी बोलाल. मी तुमच्याकडे बघितलं होतं वहिनी."

गंगीला वर बघवेना. खाली बघूनच म्हणाली, "चल घरी. रूपेश जेवत नाही."

निलमने मिरच्यांचं सुपडं बाजूला सारलं. "येते. पण मॅडमचा फोन होता. सावरपाड्यातलं मशीन बंद आहे तर तिन्ही वर्तुळं नीट जुळत नाहीत. त्यांना ते परत बसवायचं आहे. माझ्या घरात आता भिंत फाटली. तुमच्या घरात बसवा. मशीन तुमच्या घरात आलं की मी येते."

ज्या मशीनसाठी गंगी महिनाभर जळून कोळसा झाली, ते आज कुणी न मागता तिच्या पदरात टाकत होतं. आणि तिला ते घ्यावंसं वाटेना. खोटं आहे ते, तिचं तिला ठाऊक होतं. पण इतक्या तोंडांनी ते परत तिच्याच कानांवर आलं होतं की आता तिलाही आत कुठेतरी वाटायला लागलं होतं, खरंच ओढून घेत असेल तर? आपल्या कुडाच्या घराखाली? पांड्या झोपतो त्या कोपऱ्याखाली?

निलम तिच्या तोंडाकडे बघत होती. "भीती वाटते वहिनी?"

"वाटते," गंगी म्हणाली.

"मला पण वाटायची. लोक रोज बोलायचे ना."

गंगीने पाणी एका घोटात संपवलं. "फोन लाव तुझ्या मॅडमला."

चौथ्या दिवशी जीप आली. गंगीच्या मागच्या खोलीत कातळ लागेपर्यंत खड्डा खणला, सिमेंटचा ओटा केला, मशीन ठेवलं. लाहूबाबा आला होता अडवायला. पांड्या दारात आडवा उभा राहिला, "माझं घर आहे बाबा," म्हणाला. लाहूबाबा हात झटकून परत गेला. त्या दिवसापासून बायका पंपावर यायच्या बंद झाल्या. ओढ्याकाठच्या विहिरीवर जायला लागल्या, अर्धा कोस लांब. मॅडम आठवड्याने आल्या, लॅपटॉपवर रेषा बघून खूश झाल्या. "पंपाची मला काळजी होती काकू, पण रेषा अगदी स्वच्छ येते. दिवसभर काही हालचालच नाही." गंगीने त्यांना चहा दिला. दूध घातलेला. मॅडम सगळा प्यायल्या, छान झालाय म्हणाल्या.

निलम शब्दाप्रमाणे परत आली होती. भिंतीला टेकू लावला होता. मशीन तिच्या घरात नाही म्हटल्यावर लोकांचा राग निवला. हळूहळू बायका तिच्या अंगणात बसायला लागल्या. वही मात्र आता गंगीकडे. चौथीच्या अक्षरात ती तारीख आणि वेळ लिहायची, आणि काय हललं ते.

मार्चमध्ये एका सकाळी गंगी दाणे टाकत होती आणि खालून ठोसा बसला. धप्प. एक, दो... आणि घर डोललं. पाडा बाहेर आला. माणसं, बायका, पोरं धावत निघाली आणि निलमच्या अंगणात जमली. गंगीच्या अंगणाकडे कुणी पाऊल टाकलं नाही. ती दाण्यांचं टोपलं घेऊन एकटी उभी. पलीकडे निलमच्या भोवती बायकांची गर्दी, कुणी तिचा हात धरलेला, भिकी तिच्या कानाशी काहीतरी बोलत होती. गंगी पुन्हा तशीच जळली, अगदी तस्सी. एवढं सगळं होऊनही. तिला स्वतःची लाज वाटली आणि जळणं काही थांबलं नाही.

टोपलं ठेवून ती अंगण ओलांडून गेली. बायका बाजूला सरकल्या, पदर आवरून. गंगी निलमसमोर उभी राहिली.

"केवढा वाटला गं तुला?" तिने विचारलं.

निलमने तिच्याकडे बघितलं, ना रागाने ना मायेने.

"मशीन तुमच्या घरात आहे वहिनी," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

गंगीने भिकीकडे बघितलं, लाहूबाबाकडे बघितलं. मग सांगितलं, "अडीच. तलासरीच्या अंगाला."

भिकीने निलमकडे वळून विचारलं, "काय गं, खरं का?"